खोडके मास्तरांचा पुरा नकाशा

खोडके मास्तरांना कुणी रस्ता विचारला, तर ते आधी त्याला उत्तरेकडे तोंड करून उभं करत. मेहकरच्या मोटार स्टँडवर उतरलेला परगावचा माणूस असो, नाहीतर बदली होऊन आलेला पोस्टमास्तर असो. मास्तर त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला फिरवत आणि मगच बोलत. "हे तुमचं उगवतीचं अंग. हे मावळतीचं. तुमचे पाहुणे मावळतीले राह्यते. जा आता." माणूस बिचकलेला असे, पण घर सापडे.

डावं-उजवं या शब्दांवर त्यांचा राग होता. वर्गात ते म्हणत, "डाव्या-उजव्यावर भरोसा ठेवू नोका. तुमी फिरले का ते फिरते. उगवत फिरत नाही." घरातही तीच भाषा चाले. "गिरजे, तो गडवा उगवतीले सरकव," ते पत्नीला सांगत आणि गिरजाबाई न पाहता पाण्याचा तो तांब्या बरोबर सरकवत.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मास्तरांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. त्यामुळे पुढे जे घडलं, त्यातलं बरंचसं मी पाहिलं. जे पाहिलं नाही, ते गिरजाबाईंनी सांगितलेलं आहे.

मास्तर गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवत. उंच, किंचित वाकलेले, धोतर, काळा कोट आणि कोटाच्या खिशांवर कायम खडूची पांढरी बोटं. स्वभाव चेष्टेखोर. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबईत गेला, मग महाराष्ट्रात आला. मास्तर म्हणत, "माह्या हयातीत बुलढाणा तीन राज्यं हिंडून आला, पन जागचा हालला नाही. याले म्हनते स्वभाव."

त्यांची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होती. ते दोन्ही हातांनी एकदम नकाशा काढत. फळ्यासमोर पाठमोरे उभे राहत, दोन्ही हातांत खडू घेत आणि दोन्ही खडू सातपुड्यावर टेकवत. मग डावा हात धुळ्यावरून समुद्राकडे निघे आणि कोकणपट्टी उतरू लागे. उजवा हात मेळघाट, नागपूर, भंडारा, चांदा करत खाली वळे आणि नांदेड, सोलापूर, कोल्हापूर घेत मावळतीला येई. दोन्ही खडू सावंतवाडीपाशी भेटत, तेव्हा टक् असा आवाज होई. त्या आवाजासाठी मुलं श्वास धरून बसत. दर एक मेला शाळेच्या पटांगणात मोठा फळा उभा केला जाई आणि पाहुण्यांसमोर मास्तर हा नकाशा काढत. पाहुणे भाषण करत, पण लोक नकाशा पाहायला येत.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मास्तरांचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांना उठता येईना. डाव्या हाताची पकड गेली, पाय ओढू लागला. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगावरून वारं गेलंय, पण थोडक्यात निभावलं. ते खरंही वाटलं. वाचा शाबूत होती. चेष्टा शाबूत होती. महिनाभरात पाय चालू लागला, हातही उचलता येऊ लागला. पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "बातमीदार, छापा. खोडके मेला नाही." मास्तर बरे झाले यात कुणालाच शंका राहिली नाही. नंतर विचार करताना भीती याचीच वाटते.

पहिली गोष्ट मिठाची. आपल्याकडे ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात. मास्तर जेवायला बसले की दोन घासांनंतर म्हणत, "गिरजे, मीठ?" गिरजाबाई म्हणत, "वाढलं ना." "कुठं वाढलं?" त्यांना वाटलं, आजारातून उठलेला माणूस, चिडखोर झालाय. मग लक्षात आलं, की ताटाची अर्धी बाजू तशीच उरते. भाकरीचाही तेवढाच तुकडा मोडलेला असतो, जणू कुणी मधून रेघ मारली आहे. आणि मास्तर उठताना म्हणतात, "आज कमी केलतं का वं?"

शेजारणीने सल्ला दिला, मीठ-चटणी उजवीकडे वाढत जा. गिरजाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांच्या माहेरी उलटं पान फक्त पितरांना वाढत. त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, जित्या मानसाले उलटं पान कसं वाढू? एकदा वाढलं तं ते माह्या हातानं होईन ना." काय होईल, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट गल्लीतली. मास्तरांच्या घरापासून शाळेपर्यंत एकच सरळ रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला सुभानभाईंचं शिलाईचं दुकान, समोर पंढरीचं सायकलींचं. एका संध्याकाळी दोघं रस्त्यात उभे राहून भांडत होते.

"मास्तर माह्यासंगं सकाळी बोलत नाहीत," सुभानभाई म्हणत होते. "सलाम केला तरी समोर पाहत जातेत. अन् संध्याकाळी 'काय सुभानभाई, तब्येत?' सकाळी मी कोन, अन् संध्याकाळी कोन?"

"माहं उलटं हाय," पंढरी म्हणाला. "सकाळी हासते, थांबते. संध्याकाळी म्हनशीन तं मी जसा मेलो."

"सकाळी तुह्यासारखं तोंड पाहून दिवस कसा जात असन त्यायचा?"

"तुहं पाह्यलं तं रात कशी जाईन बे?"

लोक हसले, मीही हसलो. शाळेकडे जाताना सुभानभाईंचं दुकान मास्तरांच्या डावीकडे येत होतं आणि परतताना पंढरीचं. हे तेव्हा कुणी जुळवून पाहिलं नाही. आणखीही दिसत होतं. दाढीचा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर खुंट. कोटाची एक बाही हातात आणि दुसरी पाठीवर लोंबकळलेली. आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो, विसराळूपण म्हणालो.

मग एक मे आला.

पटांगणात मंडप होता. खुर्च्यांवर तहसीलदार, संस्थेचे चिटणीस आणि गावची मंडळी होती. तहसीलदार साताऱ्याकडचे, नवीनच आलेले. आमची बोली ऐकली की त्यांच्या ओठाचा कोपरा हलत असे. मास्तर उठले, फळ्यापाशी गेले. दोन्ही हातांत खडू घेतले. मी पहिल्या रांगेत बाजूला बसलो होतो, म्हणून मला दिसलं. त्यांचा डावा हात वर गेलाच नाही. खडू धरलेला तो हात मांडीपाशी लोंबत राहिला. उजव्या हाताने सातपुड्यापासून सुरुवात केली. मेळघाट झाला, नागपूर झालं, भंडारा, चांदा. रेघ नेहमीसारखीच सुरेख, न थांबणारी. ती नांदेडावरून वळली, परभणीपाशी आली आणि तिथे थांबली. मास्तर मागे सरले. मग पुढे होऊन त्यांनी जिल्ह्यांचे ठिपके दिले. बुलढाणा अगदी काठावर आला. त्याच्या मावळतीला फळा कोरा काळा होता.

मास्तर वळले आणि हात जोडून हसले. दर वर्षी टाळ्या पडत, त्या क्षणी ते असेच हसत.

कुणी टाळी वाजवली नाही. मंडपात इतकी शांतता झाली, की मागे सायकलचं चाक फिरत होतं ते ऐकू आलं. तहसीलदार खुर्चीतून पुढे झुकले. "आमचा जिल्हाच नाही यात," ते चिटणिसांना म्हणाले. "मुंबईही नाही."

आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, "वेगळा विदर्भ झालाच पाहिजे!"

ते दिवस तसे होते. चळवळ धुमसत होती, आणि बुलढाणा हा विदर्भाचा मावळतीचा शेवटचा जिल्हा. रेघ नेमकी तिथेच तुटली होती. अर्ध्या मंडपाने घोषणा उचलली, अर्धा मंडप उठून उभा राहिला. त्या नकाशात नांदेड होतं, परभणीचा काही भाग होता; वेगळा विदर्भ मागणाऱ्याने ते काढलं नसतं. पण तेवढं पाहायला कुणी थांबलं नाही. मास्तर आवाजाकडे पाहत हसत होते. त्यांना वाटलं, यंदा लोक जास्तच खूश आहेत.

त्याच आठवड्यात मास्तरांना शाळेत येऊ नका असं कळवण्यात आलं. शिक्षण खात्याचे साहेब चौकशीला येणार होते. राज्याच्या नकाशाचा, पाहुण्यांसमोर, जाणूनबुजून अपमान. तो सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि मास्तर म्हणून पुन्हा कुठल्याही शाळेत उभं राहता येणार नाही, हे हेडमास्तरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. ते मास्तरांचे जुने मित्र. "एकच सांगा, कायले केलं?" त्यांनी विचारलं.

"काय केलं?" मास्तर म्हणाले.

"मुंबई सोडली."

"कोनं सोडली? दोन्ही हातानं काढला पुरा. तुमी समोर होते ना?"

 मित्र खोटं बोलतोय की आपणच काही चुकीचं पाहिलं, हे हेडमास्तरांना ठरवता येत नव्हतं. जाताना त्यांनी पायात चपला उलट्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी चळवळीची चार पोरं हार घेऊन आली. "मास्तर, तुमी हिंमत केली! साऱ्या जिल्ह्यात नाव झालं."

"कायची हिंमत बे?"

"तोच तं मोठेपना! बोलून दाखवत नाहीत."

हार गळ्यात घालून ती गेली. मास्तर हार हातात घेऊन विचार करत राहिले. मग मला हाक मारली. "बातमीदार, तुमी पाह्यला नकाशा?"

"पाहिला."

"पुरा होता ना?"

मी सांगितलं, मास्तर, तो अर्धा होता. त्यांनी रागावून तोंड फिरवलं नाही. ते मला समजावू लागले, जसं वर्गात मठ्ठ मुलाला समजावतात. "आसं पाहा. अर्धं काढलं असतं, तं अर्धं रिकामं दिसलं असतं का नाही? मले रिकामं कुठंच दिसलं नाही."  

त्यानंतर एका दुपारी आतून ओरडण्याचा आवाज आला. मी धावलो. मास्तर बाजेवर झोपेतून उठून बसले होते, चेहरा पांढरा पडला होता, आणि ते उजव्या हाताने काहीतरी बाजेखाली ढकलत होते. "कोनाचा हात हाय हा? गिरजे, माह्या बाजेवर कोन हाय?" ते स्वतःचाच डावा हात ढकलत होते. गिरजाबाईंनी तो हात उचलला, खांद्यापर्यंत दाखवला. "तुमचाच हाय हो. पाहा, हे कोपर, हा खांदा." मास्तरांनी खांद्यापर्यंत पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तू म्हनतेस तं असन." त्यांनी ते मान्य केलं, पण पटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते झोपायला भिऊ लागले.

गिरजाबाई मात्र त्या दिवसापासून पाहू लागल्या. आजवर त्यांनी ऐकून घेतलं होतं, आता त्या लक्ष ठेवू लागल्या. एकदा मास्तर जेवून उठायच्या बेतात असताना त्यांनी काही न बोलता ताटच फिरवलं. उरलेली बाजू उजवीकडे आली. मास्तर थबकले. "हे आता वाढलं का वं?" आणि त्यांनी सगळं संपवलं, मीठ-लिंबासकट. उलटं पान वाढायची गरज उरली नाही. गिरजाबाई ताट घेऊन माझ्या दारात आल्या, रिकामं ताट दाखवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, यायले सारं दिसते. फक्त एका वक्ती एकच अंग दिसते." 

चौकशी हेडमास्तरांच्या खोलीत झाली. साहेब टेबलामागे, शेजारी चिटणीस, बाजूला हेडमास्तर. मास्तरांना मी धरून नेलं होतं, म्हणून दारापाशी बाकावर गिरजाबाईंसोबत मलाही बसू दिलं. भिंतीशी तो फळा होता, चादरीने झाकलेला. पुसला जाऊ नये म्हणून इतके दिवस कुलपात ठेवला होता. साहेबांनी चादर काढायला लावली.

"मास्तर, हा तुमचा नकाशा?"

"हाव. माहाच."

"पुरा आहे?"

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो शांत होता. "पुरा हाय," ते म्हणाले.

"मुंबई दाखवा."

मास्तर पुढे झाले. बोट नकाशावर फिरू लागलं. यवतमाळ, वर्धा, नागपूर. बोट चांद्याच्या पलीकडे, नकाशाबाहेर गेलं, पुन्हा आत आलं. तो हात किती तरी वर्षं डोळे मिटूनही मुंबईवर पडत आला होता, आणि आता तो शोधत होता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. "इथंच कुठं... कोनं पुसली का?"

"नाटक पुरे," साहेब म्हणाले. "तुम्हाला मुंबई माहीत नाही?"

"मुंबई माहीत नाही? मले?" मास्तरांचा आवाज चढला. चिटणीस चुळबुळले, त्यांना शाळेच्या अनुदानाची काळजी होती. साहेबांनी दौतीकडे हात नेला. तेवढ्यात गिरजाबाई बाकावरून उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"साहेब, यायले तिकडून पुसा."

"कुठून?"

"वरतून. सातपुड्यावर उभं करा यायले, अन् खाली पाह्याले लावा. ताट फिरवलं का दिसते यायले."

साहेबांना काही कळलं नाही. हेडमास्तरांना कळलं की नाही, सांगता येत नाही, पण मित्राला वाचवायला दुसरं काही हाती नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, डोळे मिटा. सातपुड्यावर उभे आहात, असं समजा. तोंड दक्षिणेला. महाराष्ट्र पुढ्यात आहे. जिल्हे सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची रेघ सैल झाली. "हे जळगाव. केळीची बागाईत. मंग धुळे. नाशिक, तिथं गोदावरी निंगते. ठाणे. मुंबई, बेट, सात बेटांचं एक केलेलं. कुलाबा, रत्नागिरी..." ते कोकणपट्टी उतरले, एक एक खाडी घेत. मग घाट चढून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा, पुणे, नगर, औरंगाबाद करत वर आले. एकही जिल्हा चुकला नाही. तहसीलदारांचा सातारा सांगताना त्यांनी कृष्णा-कोयनेचा संगमही सांगितला. डोळे उघडून ते म्हणाले, "झाला. पुरा महाराष्ट्र."

 चिटणिसांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळ्यावर जे नव्हतं, ते सगळं मास्तरांनी सांगितलं होतं. आणि फळ्यावर जे होतं, त्यातलं एकही नाव घेतलं नव्हतं.

"नागपूर?" साहेबांनी हळू विचारलं. "अमरावती?"

मास्तरांचा उजवा हात हवेत चाचपडला.

"बुलढाणा?"

"बुलढाणा..." मास्तर म्हणाले. "आपला जिल्हा हो तो."

"तो राहिला. कुठे आहे?"

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले.  जो माणूस आपल्या गावात, आपल्या शाळेत उभा होता, त्याला त्या गावाचा जिल्हा ठेवायला जागा सापडत नव्हती. हेडमास्तरांना राहवलं नाही. ते घाईने म्हणाले, "आता खालून पाहा. दक्षिणेला उभे राहा, तोंड उत्तरेला." आणि मास्तर लगेच सांगू लागले: नांदेड, चांदा, भंडारा, नागपूर, अमरावती, अकोला, बुलढाणा. "झाला. पुरा."

"आणि मुंबई?"

"मुंबई..."

"आत्ता सांगितलीत तुम्ही."

"म्या सांगितली?" मास्तर माझ्याकडे वळले. मी त्यांच्या उजवीकडे होतो. "बातमीदार, म्या मुंबई सांगितली?"

"सांगितली मास्तर. सात बेटांसकट."

मग ते घडताना मी पाहिलं. आरोप ऐकताना, हार गळ्यात पडताना, नोकरी जाईल म्हणताना मास्तर घाबरले नव्हते. आपण पुरे आहोत हे त्यांना माहीत होतं. आता ते जवळच्या खुर्चीचा दांडा धरून म्हणाले, "दोन्ही वक्ती मले पुरं वाटलं." आणि थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नव्हे, "मंग आता जे वाटते, ते पुरं हाय का नाही, हे मी कशावरून ठरवू?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. ती उजवीकडेच फिरली. "या खोलीत कोन कोन हाय, मले सांगा," ते म्हणाले. "मी पाहून सांगत नाही आता." डावीकडे बसलेल्या हेडमास्तरांनी रुमाल तोंडावर धरला होता.

आरोप मागे घेतला गेला. साहेबांनी जाताना गिरजाबाईंना हात जोडले. पण ज्या पुराव्याने मास्तर निर्दोष ठरले, त्याच पुराव्याने ते मास्तर राहिले नाहीत. अर्धं जग न दिसणाऱ्या माणसाच्या हाती वर्ग देता येत नव्हता. अकोल्याच्या एका डॉक्टरांना नंतर दाखवलं. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, डोक्यात जिथे जागेची मांडणी होते, तिथे दुखापत आहे. मी विचारलं, डावीकडे त्यांना काय दिसतं, काळोख? डॉक्टर म्हणाले, काळोख दिसला असता तर बरं होतं, निदान काही राहिलंय हे कळलं असतं. कळवायलाच काही उरलेलं नाही. सुधारेल का, या प्रश्नावर त्यांनी औषध लिहून दिलं.

गिरजाबाईंच्या मते मास्तर चौकशीआधीच सुखी होते. "नोकरी वाचवाले गेली मी," त्या मला म्हणाल्या, "अन् यायची झोप घालवली. पुरं हाय समजून राह्यले असते तं काय गेलं असतं, भाऊ?" मास्तरांनी मात्र त्यांना कधी दोष दिला नाही. "पोरायले मी खोटा नकाशा शिकवला असता," ते म्हणत. "तुनं वाचवलं." ते खरंच तसं मानत, की पत्नीचं समाधान करत, हे मला कळलं नाही.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. दोनेक वर्षांनी एका कामासाठी मेहकरला उतरलो, तो आठवडी बाजाराचा दिवस होता. दुपारची वेळ. बाजाराच्या मधोमध थोडी मोकळी जागा झाली होती, आणि तिथे खोडके मास्तर उभ्या जागी स्वतःभोवती फिरत होते. देवापुढे आपण फेरी घेतो तसे, हात जोडलेले नव्हते एवढंच. बाजूने जाणारी एक बाई पोराला म्हणाली, "बाजूनं चाल, मास्तर फेरी घेऊन राह्यले." लोकांना सवय झाली होती. डाव्या अंगाचं काही डावीकडे वळून सापडत नाही, तिकडे वळायचं सुचतच नाही, हे मास्तरांनी ओळखलं होतं. म्हणून ते उजवीकडे वळत, वळत जात, जोवर राहिलेलं जग फिरून उजव्या अंगाने समोर येत नाही.

गिरजाबाई त्यांच्या डाव्या खांद्याशी उभ्या होत्या, हातभर अंतरावर. हातात भाजीची पिशवी.

"गिरजे!" मास्तरांनी हाक मारली. आवाज हरवलेल्या माणसाचा होता. "गिरजे, कुठं हायेस?"

"हाये ना," त्या म्हणाल्या.

आवाज कुठून आला हे त्यांना ठरवता आलं नाही. ते उजवीकडे वळू लागले. मी पुढे झालो, तर गिरजाबाईंनी मानेने नको म्हटलं. "यायलेच गवसू द्या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी समोर जाऊन उभी राह्यली तं यायले वाटते, म्या मधात सोडून गेलती."

मास्तर हळूहळू फिरले. बांगड्यांचं दुकान गेलं, मिरच्यांचे ढीग गेले. नजर माझ्यावर आली आणि चेहरा उजळला. "बातमीदार! कवा आले?" मी उत्तर द्यायच्या आत ते पुढे वळले होते आणि मी त्यांच्या जगातून गेलो होतो. मी तिथेच उभा होतो. त्यांना माझ्यासाठी थांबायचं नव्हतं, त्यांना गिरजाबाई हव्या होत्या. गुळाची भेली गेली, देवळाचं शिखर गेलं, आणि शेवटी गिरजाबाई समोर आल्या.

"इथंच होतीस?"

"इथंच."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी पत्नीकडे डोळे भरून पाहिलं, जसं लांबच्या प्रवासावरून आलेल्या माणसाकडे पाहावं. मग घरचा रस्ता होता त्या दिशेला तोंड केलं. गिरजाबाई पुन्हा डाव्या खांद्याशी आल्या. त्या हलल्या नव्हत्या. मास्तर एक पाऊल चालले, थांबले, आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.